अर्ध्या दाढीचं चार्जिंग

आता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला? म्हणजे तोंड माझं नव्हेच, दादाचं. आणि तेसुद्धा अर्धंच!

दादाचा साखरपुडा होता. धामापूरला, मुलीच्या घरी, दुपारी चार वाजता. होणाऱ्या वहिनीने, प्राजक्ताने, पहिल्याच भेटीत बजावलं होतं, "दाढी तेवढी काढू नका हं. ती बघूनच हो म्हटलंय मी." तेव्हापासून दादा त्या दाढीला कलमाच्या रोपासारखा जपत होता.

साखरपुड्याला दाढी नीट कातरलेली हवी. पण वार सोमवार, मालवणातली सगळी सलून बंद! मग मीच छाती पुढे काढली. "मी करते ना! ट्रिमर मीच तर दिलाय तुला."

इथे माझी एक खोड सांगायला हवी. मला बॅटरीची भीती वाटते. कुठेतरी वाचलं होतं, जास्त चार्ज केली की बॅटरी फुगते आणि पेट घेते. झालं! तेव्हापासून घरातली प्रत्येक वस्तू मी अर्धपोटी ठेवते. पॉवर बँकसुद्धा. आदल्या दिवशी ट्रिमर लावला, जरा कोमट लागला, वीस मिनिटांत पिन उपटली. आई म्हणालीसुद्धा, "गो, भाकरी काय ती, फुगाक?"

तर सकाळी पडवीत दादाला बसवलं. डावी बाजू काय सुंदर झाली म्हणून सांगू! आणि तेवढ्यात आतून कुकरची शिटी. मी अशी उडाले! ट्रिमर मुठीत गच्च आवळला. तो थांबला. एक बारीकसा लाल दिवा लुकलुकला. बटण दाबलं. परत दाबलं. ढिम्म!

"काय झाला?" दादा.

"काही नाही."

"काय नाय तर थांबलंस कित्याक?"

"चार्जिंग संपलं."

दादाने आरसा उचलला. डावीकडे नवरा मुलगा, उजवीकडे जंगल.

"लाव मगे चार्जिंगाक!"

लावू कुठे? पॉवर बँक माझ्याच कृपेने रिकामी. दुरुस्तीसाठी लाइट नऊलाच गेली होती, ती तीनला येणार. आणि आम्ही निघणार अडीचला! आई दारात कमरेवर हात ठेवून उभी. "बैलाक अर्धपोटी ठेवन नांगराक जुपलंस, तर तो अर्ध्या शेतातच बसतलो!"

"सगळीच काढूया का?" मी घाबरत विचारलं.

"आणि प्राजक्ताक काय सांगू?"

मग मला भाईकाका आठवले. बाबांचे चुलतभाऊ, होडीवर तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान. त्यांच्या होडीत इंजिनाच्या बॅटरीवर मोबाइल चार्ज होतो. दादाच्या तोंडाला टॉवेल गुंडाळला, स्कूटर काढली आणि बंदर गाठलं.

बंदरावर वारा! टॉवेल उडाला तो थेट मासे विकणाऱ्या एका मावशीच्या पाटीत. मावशीने दादाला दोन्ही बाजूंनी न्याहाळलं. "अरे झिला, हयसून नवरो आणि थयसून साधू? बायल तरी पुरी गावतली मा?"

बायको तरी पुरी मिळेल ना, या सवालावर सगळा बाजार हसला. दादाने माझ्याकडे असं बघितलं की मी होडीत चढताना पायरीच चुकले.

भाईकाकांनी आमच्यासाठी इंजिन चालू केलं. वीस मिनिटं ट्रिमर पिनेला. फुगतोय का, हे मी चार वेळा चाचपून पाहिलं. मग बटण दाबलं. तोच लाल दिवा. बाकी शांत!

"मेली बॅटरी!" मी रडायलाच लागले. "उपाशी ठेवून मीच मारली तिला!"

भाईकाकांनी चष्मा लावला, पात्यावरचा कंगवा काढला, ट्रिमर उलटासुलटा केला. "गो चेडवा, दिव्याकडे कुलुपाचा चित्र आसा. हो लॉक झालोहा. माझोय असोच आसा. पिशयेत आपणहून चालू होव नये म्हणान लॉक देतत. तीन सेकंद दाबून धर."

म्हणजे? बॅटरी सकाळपासून धडधाकट होती! कुकरला दचकून मीच बटण दाबून धरलं होतं.

मला इतका आनंद झाला! ट्रिमर दादाच्या गालाजवळ नेला, बटण दाबून धरलं. एक... दोन... तीन...

घर्रर्र!

मी दचकले. दचकणारच ना? हात कानापासून हनुवटीपर्यंत सरळ खाली आला. तोही डाव्या, सुंदर झालेल्या बाजूवरून. आणि कंगवा भाईकाकांच्या हातात! दाढीतून बैलगाडी जाईल एवढा रस्ता पडला.

भाईकाकांनी हातातला कंगवा खिशात घातला. म्हणाले, "आता सगळीच काढ. चार्जिंग भरपूर आसा."

धामापूरला पोचलो तेव्हा दादाचं तोंड वर सावळं, खाली पांढरंफट. प्राजक्ता बाहेर आली आणि नवरा मुलगा कुठे, म्हणून दादाच्या मागे बघू लागली. दादाने एका दमात सगळं सांगून टाकलं. तिने त्याची हनुवटी दोन्ही बाजूंनी न्याहाळली. मग पदर तोंडाला लावून ती जी हसत सुटली! "ऱ्हवांदे," ती म्हणाली, "दाढीच ती, येतली परत."

माझ्या जिवात जीव आला. पुढे रीत अशी, की मुलाच्या बहिणीने मुलीच्या केसांत वेणी माळायची. मी अबोलीची वेणी घेऊन मोठ्या प्रेमाने पुढे झाले.

प्राजक्ताने आपला लांबसडक शेपटा दोन्ही मुठींत धरला आणि चार पावलं मागे सरली. "वन्सं, आधी दोनय हात दाखव बघुया!"

भर मांडवात मी वेणी आईकडे दिली आणि पकडलेल्या चोरासारखे दोन्ही हात वर केले.

तर आई म्हणते, "पर्सय बघ गो हिची!"