उन्हात ठेवलेले सेल

बारामतीच्या एका शेठचा मुलगा आमच्या ओट्यावर बसून 'रॉक म्युझिक' म्हणाला, तेव्हा अब्बांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना ऐकू आलं नव्हतं, म्हणून बघितलं. चाळीस वर्षं औटगोळे उडवून त्यांचा उजवा कान पार गेला होता आणि डाव्यात ओरडून सांगितलं तरच काही पोचायचं. मी ओरडले, "इंग्रजी गाणी लावणार हायेत! त्याच्या ठेक्यावर आपण दारू उडवायची!"

अब्बा हसले. "उडवू की," म्हणाले. "ठेका काय आपल्याला नवा हाय?"

आमचं घर इंदापूरचं आणि धंदा शोभेच्या दारूचा. बाण, नळे, चक्रं, आभाळात जाऊन फुटणारे औटगोळे, सगळं आमच्या खोपीत हातानं करायचं. आजोबांपासून आसपासच्या जत्रांना आमच्याच घरचा माल जायचा. पण नव्वदीच्या मधल्या वर्षांत जत्रा कमिट्यांना खोक्यातला तयार माल जास्त रंगीत वाटायला लागला. माझा भाऊ पुण्यात कंपनीत लागला आणि 'मी काय परत हात काळे करायला येत नाही' असं सांगून मोकळा झाला. राहिले अब्बा, आणि बारावी होऊन घरात बसलेली मी. चोविशी उलटली होती. येणारा-जाणारा पाहुणा माझ्याकडं बघून अम्मीला म्हणायचा, हिचं काय करायचं ठरवलंय? जशी काही मी उरलेली भाकरी.

शेठचं दुचाकींचं शोरूम दसऱ्याला उघडणार होतं. मुलगा बंगलोरला शिकून आलेला, तिकडं त्यानं गाण्याबरोबर फुटणारी आतषबाजी बघितली होती आणि तशीच त्याला बारामतीत करायची होती. जमलं तर पुढं कारखान्यांचे, कॉलेजांचे कार्यक्रम मिळवून देतो म्हणाला. तो गेल्यावर अब्बांनी ओट्यावरचे चहाचे कप बाजूला सारले. मग मला म्हणाले, "हे जमलं तर परवाना तुझ्या नावावर लावू. न्हाय जमलं तर ह्या सालानंतर खोप बंद. माझ्या एकट्याच्यानं आता हुत न्हाय."

मला तो परवाना हवा होता. लग्नापेक्षा जास्त हवा होता, आता सांगायला कुणाची चोरी आहे? बाईमाणसाच्या नावावर दारूचा परवाना म्हणजे तालुक्याला चघळायला विषय झाला असता, आणि झाला असता तर मला आवडलंच असतं.

गाण्यांची कॅसेट त्यानं दिली होती. तीन गाणी, एकाला एक जोडून भरलेली. किती मिनिटांची, हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमची खोप गावाबाहेर माळावर, आणि दारूच्या खोपीत वीज घ्यायची नाही हा नियम आमच्या घरात नमाजाइतका पक्का. म्हणून टेप सेलवर चालवायचा. खोपीपासून लांब लिंबाखाली मी टेप ठेवायची, मांडीवर वही आणि मनगटावर भावाचं जुनं घड्याळ. अब्बा समोर बसायचे आणि टेपच्या पाठीवर पंजा ठेवायचे. ढोल वाजला की त्यांच्या तळव्याला कळायचं. डोळे मिटून ते मान हलवायचे आणि मला हसू फुटायचं, कारण गाणारा इतका घोगरा ओरडायचा की रेडा बरा. मला वाटायचं, इंग्रजी गाणं असंच असतं. ऐकलं होतं कुणी कधी?

काम असं होतं. गाण्यात कुठं ढोल आदळतो, कुठं ती गिटार किंचाळते, ते मी मिनिट-सेकंदात लिहून काढायची. मग दोन बारांमध्ये किती सेकंद जायला हवेत ते अब्बांना बोटांवर दाखवायची आणि अब्बा तेवढी वात तोडायचे. जत्रेत त्यांनी कधी सेकंद मोजले नव्हते. पालखी आली की बाण सोडायचा, पालखीला उशीर झाला तर बसून राहायचं. पण वात किती जळते हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. दोन बोटं, चार बोटं, एक वीत. मी घड्याळ लावून तपासायची, तर अर्ध्या सेकंदाचा फरक पडायचा नाही. शेवटी सगळे बार एकाच लांब वातीला बांधायचे होते. एकदा पेटवली की पहिल्या बाणापासून शेवटच्या ठिणग्यांच्या धबधब्यापर्यंत ती आपली आपण जाणार, मध्ये हात घालायचं काम नाही. या युक्तीचा अब्बांना फार अभिमान होता. पणदऱ्याच्या पाहुण्यांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना त्यांनी ती ऐकवली.

तीच ती गाणी मागं-पुढं करकरून सेल उतरले. आमच्याकडं सेल उतरले म्हणून कुणी टाकत नसे. उन्हात ठेवायचे. त्यात आमच्या धंद्यात सगळंच उन्हाच्या जिवावर. गोळे उन्हात, नळ्या उन्हात, वाती उन्हात. ओलं असो की दमलेलं, ऊन दिलं की जोर धरतं, यावर आमच्या घराचा भरवसा. मी चारी सेल पत्र्यावर ओळीनं मांडले आणि दुपारी परत टेपमध्ये घातले. टेप चालला. त्याच सेलांवर मी शेवटचं माप घेतलं, पहिल्या ठोक्यापासून शेवटपर्यंत. साडेतेरा मिनिटं भरली. आधीच्या मापांपेक्षा जास्त येत होती, तर मी घड्याळाला शिव्या घातल्या. म्हटलं, आधी हेच मागं पडत असणार. नाचता येईना आणि अंगण वाकडं. घरी येऊन लाईटवर एकदा कॅसेट वाजवून बघावी, एवढं माझ्या बारावी पास डोक्यात आलं नाही.

दसऱ्याला सकाळीच टेम्पोनं बारामतीला पोचलो. शोरूमच्या मागच्या मोकळ्या जागेत बांबूंची चौकट उभी केली, नळकांडी पुरली, वात बांधत बांधत नेली. दुपारचे चार वाजले तेव्हा सगळं झालं होतं. अब्बांनी हातपाय धुतले, नवा पांढरा सदरा घातला आणि चौकटीसमोर खुर्ची टाकून बसले. त्या बसण्यात एक ऐट होती. वरातीत नवरदेवाचा बाप बसतो तसे बसले होते.

तेवढ्यात साऊंडवाल्यानं माणसाएवढे स्पीकर तपासायला गाणं लावलं.

मला आधी वाटलं, हे दुसरंच गाणं आहे. आवाज बारीक होता, मोकळा होता. कोवळा पोरगा गात असावा तसा. मग ढोल आला, आणि ढोल मी कुठंही ओळखला असता, दीड महिना तोच तर ऐकत होते. तो आला, पण लवकर आला. गाणं पळत होतं. मी घड्याळाकडं बघत तिथंच उभी राहिले, तिन्ही गाणी संपेपर्यंत. बारा मिनिटं. माझ्या वहीत साडेतेरा. सेल मेले होते, टेप रांगत होता, आणि मी त्या रांगणाऱ्या गाण्याची वात कापून घेतली होती.

मी साऊंडवाल्याकडं गेले. विचारलं, "दादा, हे गाणं जरा सावकाश लावता येईल का?"

तो हातातला वडापाव खाली न ठेवता म्हणाला, "ताई, हे काय दळण हाय व्हय, जाडं-बारीक करायला?"

त्याची माणसं हसली. मीही हसले. दुसरं काय करणार होते?

आठला कार्यक्रम होता. चार तास माझ्या हातात होते. अब्बांना तेव्हा सांगितलं असतं तर त्यांनी काय केलं असतं हे मला ठाऊक होतं. सदरा काढला असता, वात ठिकठिकाणी तोडली असती आणि म्हणाले असते, तू गाणं ऐक, हात वर कर, मी हातानं पेटवत जातो. त्यांचा हात अलीकडं कापायचा, ते मला दिसत होतं. त्या हातात पेटता काकडा देऊन नळकांड्यांमधून पळवायचं का? हे कारण मी स्वतःला तेव्हा दिलं आणि नंतरही पुष्कळ वेळा दिलं. ते खोटं नाही. पण त्याच्याखाली दुसरं होतं. चूक माझी होती, मापं माझी होती, आणि ज्या मुलीला साधं गाणं मोजता येत नाही तिच्या नावावर कोण परवाना लावतो? मला वाटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. लोकांना काय कळतंय. कदाचित कळणारही नाही.

पाच वाजले, सहा वाजले. माणसं सोनं वाटायला यायला लागली, आपट्याची पानं एकमेकांच्या हातात देत होती. अब्बांच्या हातात पानांचा ढीग साठला. भेटेल त्याला ते सांगत होते, "पोरीनं घड्याळ लावून बसवलंय सगळं. माझं काय, मी नुसता वात तोडणारा." दर वेळी हे ऐकून मी दुसरीकडं बघायची. जमिनीनं पोटात घ्यावं असं म्हणतात, ते मला त्या संध्याकाळी कळलं. पाऊस यावा म्हणून मी आभाळाकडं बघितलं. दीड महिना त्याच आभाळाला कोरडं राहा म्हणून विनवलं होतं. एक ढग नव्हता.

आठचे साडेआठ झाले. भाषणं उरकली, दिवे घालवले, गाणं सुरू झालं आणि मी अब्बांना खूण केली. पहिला बाण बरोबर ढोलावर फुटला. लोक ओरडले. दुसरा, तिसरा, चौथा, सगळे जागेवर. त्या पहिल्या काही सेकंदांत मला खरंच वाटलं की दुपारी आपलंच काहीतरी चुकलं असेल मोजायला. मग एक गोळा जरासा मागं राहिला. मग पुढचा. दुसऱ्या गाण्यात ढोल एकीकडं आणि बार दुसरीकडं. पोरं हसायला लागली. गाणं संपलं तेव्हा आमचे सगळ्यात मोठे गोळे अजून नळकांड्यांत बसले होते. साऊंडवाल्यानं स्पीकर बंद केले, दिवे लागले, निवेदकानं आभार मानायला सुरुवात केली आणि लोक उठून जेवणाच्या मंडपाकडं निघाले. त्या उजेडात, त्या पाठमोऱ्या लोकांच्या मागं, अब्बांचे मोठे गोळे एकेक करून फुटत राहिले.

अब्बा वर बघत होते. त्यांच्यासाठी गाणं अजून चालू होतं. शेवटचा धबधबा विझल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बसलं का गं?"

"बसलं," मी त्यांच्या डाव्या कानात ओरडले.

शेठच्या मुलानं ठरलेलं सगळं दिलं, वाकडा शब्द बोलला नाही, आणि परत कधी आला नाही. आमच्यासाठीचा फोन समोरच्या किराणा दुकानात यायचा. दिवाळीपर्यंत अब्बा रोज संध्याकाळी त्या दुकानाच्या फळीवर जाऊन बसायचे. ऐकू तर येत नव्हतं, म्हणून दुकानदाराच्या तोंडाकडं बघत बसायचे. पुढं थंडीत कळलं की बारामतीतच एका मोठ्या कार्यक्रमाच्या आतषबाजीला पुण्याची पार्टी आली होती. त्या रात्री जेवताना अब्बांनी मला विचारलं, "काम चांगलं झालं हुतं ना?"

"व्हय."

"एकबी बार फुसका गेला न्हाय?"

"न्हाय."

त्यांनी घास ताटात ठेवला. "मग काम नको न्हवतं त्यास्नी," ते म्हणाले. "आपण नको हुतो."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. त्याआधीच्या वर्षांत देशात जे झालं होतं, मुंबईच्या दंगलीत जे झालं होतं, त्यातलं काही आमच्या गल्लीत आलं नव्हतं, आणि अब्बांनी ते कधी घरात येऊ दिलं नव्हतं. कुणी विषय काढला तर म्हणायचे, आमाला जत्रेत इचारा कोण कुणाचं हाय ते. तो माणूस आता ताटावर मान खाली घालून बसला होता, आणि त्याच्या मनात हे मी घातलं होतं, 'बसलं' या एका शब्दानं. मी पाणी आणायला म्हणून उठले आणि चुलीपुढं उभी राहिले.

फाल्गुनात लासुर्ण्याकडच्या एका गावचे आबा आले. दर वर्षी यायचे. कमिटीनं तयार माल आणायला सुरुवात केली होती, तरी देवीच्या पालखीपुढचा पहिला बाण आमच्या घरचाच सुटायचा, आणि त्याचं आमंत्रण म्हणून आबा स्वतः नारळ घेऊन यायचे. अब्बांनी नारळाला हात लावला नाही. म्हणाले, "आबा, औंदापासनं तुमी तुमच्यातलाच कोनतरी बघा."

"आमच्यातला म्हंजी?" आबांनी विचारलं. अब्बांना ते ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल. ते उठून आत गेले. आबा नारळ ओट्यावर ठेवून तसेच निघाले. थोड्या वेळानं अब्बा बाहेर आले आणि मला म्हणाले, "परत दिऊन ये त्यांचं त्यास्नी."

मी नारळ घेऊन स्टँडपर्यंत पळत गेले. आबा बाकावर बसले होते. मी नारळ पुढं केला, तर त्यांनी तो घेतला आणि मांडीवर धरून ठेवला.

"कुनी काय बोललं का गं त्यास्नी आमच्या गावातलं?" त्यांनी विचारलं. "सांग, मी बगतो त्याच्याकडं."

"न्हाय आबा. कान गेल्यापास्नं चिडचिड करत्यात."

त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं नव्हतं. गाडी लागायला अजून वेळ होता. मी त्यांच्याशेजारी बसले. त्यांनी उसाचं, उन्हाचं काहीबाही काढलं आणि मी व्हय व्हय म्हणत राहिले, गाडी येईपर्यंत.