मिलिंदची बॅटिंग राहिली, त्याबद्दल

लिहायला फार उशीर झाला, माफ करा. धुळ्याला परतून चार महिने झाले. मी सातवी शिकलेला, फोनवर एका बोटाने लिहितो. पण उशिराचं कारण ते नाही. लाज वाटत होती.

मुलगा मिलिंद अमेरिकेत मॉरिसव्हिलला असतो. त्याच्या ऑफिसची हौशी बेसबॉल टीम आहे. एका शाळेच्या मदतीसाठी त्यांचा सामना पगारी खेळाडूंच्या संघाशी ठरला. मिलिंद दोन महिने रोज गॅरेजसमोर बॅट फिरवत होता. म्हणायचा, "बाबा, प्रोफेशनल पिचरसमोर एकदा उभं राहायचंय. बॉल लागला नाही तरी चालेल."

कारने दीड तास. रस्ता सरळ, दोन्हीकडे पाइनची झाडं. वाटेत बाथरूम सापडलं नाही तर, या धास्तीने मी पाण्याचा घोट घेतला नाही. पार्किंग दहा डॉलर. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, म्हणून सुनेने दिलेले पराठे गाडीतच खाल्ले. बंद बाटली चालते. मी तीही गाडीत विसरलो. तुम्ही जाल तेव्हा बाटली आणि टोपी न्याच. बाक पत्र्याचे, भयंकर तापतात.

मी जाळीमागे पहिल्या रांगेत बसलो. त्यांच्या पिचरने बॉल टाकला की झेलणाऱ्याच्या ग्लोव्हजमध्ये फटाका फुटल्यासारखा आवाज यायचा. हा मिलिंदला बसला तर?

राखीव खेळाडू सचिन, नागपूरचा, जाळीपलीकडून म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ न. आपण हरायलाच आलोय, जेवण फ्री आहे!"

मिलिंदचा नंबर शेवटचा, नववा. तो हेल्मेट घालून उठला आणि मला गरगरलं. मी हाक मारली, "मिलिंद, कसंतरी होतंय रे. थोडा वेळ बदली दे, मग जा." आपल्या गल्लीतल्या क्रिकेटमध्ये चालतं तसं.

तो हेल्मेट टाकून धावत आला. कॅप्टनने सचिनला पाठवलं. मिलिंदने मला सावलीत बसवून लिंबू सरबत पाजलं. दहा मिनिटांत मी ठीक झालो.

"जा आता," मी म्हणालो.

तो हातमोजे काढत होता. "नाही बाबा. इथे एकदा बाहेर गेलं की परत खेळता येत नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"इट्स ओके. तुम्ही सरबत संपवा."

सचिन तीनदा हवेत बॅट फिरवून आउट झाला. "मिल्या, बॉल दिसलाच नाही यार!" सगळे हसले. मिलिंदही हसला. मग परतीच्या अख्ख्या रस्त्यात गाडी चालवता चालवता शेजारी बसलेल्या सचिनला विचारत राहिला, "पण येत कसा होता? वळत होता का? नीट सांग ना."

मी मागे बसून ऐकत होतो.

खरं सांगतो, चक्कर थोडीच होती. भीती जास्त होती. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. विमानतळावरही तो मला चक्करेच्या गोळ्यांचीच आठवण करून देत होता.

मिलिंद, हा ब्लॉग तूच काढून दिलास, म्हणजे वाचशील. पुढच्या उन्हाळ्यात सामना आहे का? असला तर मी येत नाही, इथेच पाणी पिऊन बसतो. तू उभा राहा. आणि बॉल कसा येतो, ते मला लवकर कळव.