कोपऱ्यातलं नाव

"हात चांगला होता तुझ्या बापाचा. पण डोकं आमचं होतं."

असं म्हणून अप्पाच्या जुन्या साहेबांनी माझ्या हातात ओलं फडकं दिलं. कलबुर्गीचं सभागृह. भोवती दहा-बारा माणसं. भिंतीवर काचेच्या चौकटींत माझ्या अप्पानं टीव्हीसाठी काढलेली अक्षरांची कार्डं.

"काचांवर बोटं उमटलीत. प्रमुख पाहुणे यायच्या आत पुसून घे. तुमच्या हातांना सवय असते."

तुमच्या. एकटीच्या नव्हे, साऱ्या जातीच्या. भोवतीची माणसं हसली. मी निमंत्रण घेऊन गेले होते. नवं पातळ नेसून. आणि उभी राहिले फडकं धरून.

दारात मोठा फलक होता. साहेबांचा फोटो, खाली लिहिलेलं, 'टीव्हीच्या अक्षरांचे जनक'. प्रत्येक चौकटीखाली पट्टी, 'संकल्पना व रेखाटन', पुढं साहेबांचं नाव. अप्पाचं नाव कुठंच न्हाई. शेवटच्या भिंतीवर आभाराच्या यादीत, जेवणवाल्याच्या खाली, एक ओळ: 'रंगकाम : स्थानिक पेंटर'.

ती ओळ मी दोनदा वाचली.

अप्पा भालकीजवळच्या मेहकर गावचा. आमची वस्ती गावाच्या कडेला. आधी भालकीत दुकानांच्या पाट्या रंगवायचा. मग कलबुर्गीच्या सरकारी टीव्ही केंद्रात लागला; तिथलं सगळं कन्नडमधून. कागदावर पद 'रंगारी'. तेव्हा संगणक नव्हता. बातम्यांचं नाव, हवामान, निवडणुकीचे आकडे, सगळं काळ्या पुठ्ठ्यावर हातानं काढायचं आणि ते कार्ड कॅमेऱ्यापुढं धरायचं. साहेब तिथले निर्माते. आमच्याच भागातले, मराठी स्वच्छ बोलणारे.

गावात तेव्हा एकच टीव्ही, एका मोठ्या घरच्या ओसरीवर. गावातली माणसं सतरंजीवर बसायची. आमची माणसं अंगणाच्या बाहेर, कुंपणाला धरून उभी. सुट्टीवर आला की अप्पाही तिथंच उभा राहायचा. केंद्रात नोकरीला, पडद्यावर त्याचंच अक्षर, आणि तो कुंपणाबाहेर. तिथून त्याला स्वतःचीच अक्षरं वाचता येईनात. कन्नड अक्षराच्या पोटातली जागा उजेडानं भरून जायची. बारीक रेघ मरायची.

"कामून दिसंना म्हणून लई डोकं खाल्लं," तो मला सांगायचा. "मग पोट मोठं केलं अक्षराचं. रेघ जाड केली. कडेला जागा सोडली. म्हटलं, कुंपणापसून दिसलं पायजे."

ती अक्षरं नंतर सगळीकडं गेली. दुसऱ्या केंद्रांनी उचलली, वर्तमानपत्रांनी उचलली. आज मी कलबुर्गीच्या एका वाहिनीत ग्राफिक्सचं काम करते. आमच्या संगणकातलं कन्नड अक्षरांचं वळण बघितलं की मला अप्पाचं मनगट दिसतं.

अप्पा गेल्यावर वर्षभरानं साहेब मेहकरला आले. गाडीतून उतरले न्हाईत. मायनं तांब्या नेला, तर काच अर्धी वर करून म्हणाले, "नको, आत्ताच घेतलंय." प्रदर्शन मांडतोय, तुमच्या माणसाचं नाव होईल, असं सांगून अप्पाची कार्डांची पेटी मागितली. मायनं दिली. नाव होईल या एका शब्दावर दिली. पेटी गाडीत ठेवताना ड्रायव्हरला म्हणाले, "खाली कागद अंथर."

आणि आता हे फडकं.

तेवढ्यात साहेब पाहुण्यांना सांगू लागले, "माझा विचार असा होता, की अक्षर शेवटच्या माणसाला वाचता आलं पाहिजे."

शेवटचा माणूस. तो कुठं उभा होता, कुणी उभा केला होता, हे या माणसाला ठाऊक न्हाई. यांच्या लोकांना सतरंजीवर बसून दिसत होतं. माझ्या बापानं सोसलं ते यांनी विचार म्हणून विकायला काढलं. किळस आली मला. त्या आवाजाची, त्या अत्तराची, त्या सभ्य माना डोलावणाऱ्यांची.

फडकं मी जमिनीवर टाकलं. पहिली चौकट उतरवली. मागचा पुठ्ठा उचकटला. कार्ड उलटं केलं; अप्पा मागं टिपण लिहायचा, ते मला ठाऊक होतं.

मागं पेन्सिलीनं अप्पाचं नाव, तारीख, आणि खाली 'रेघ जाड केली. लांबून बघितलं. दिसतं.' त्याच्याही खाली लाल शाईत साहेबांचं अक्षर, त्यांच्या सहीसकट. मी मोठ्यानं वाचलं.

"कोपऱ्यातलं तुझं नाव खोड. असली नावं पडद्यावर शोभत नाहीत."

पुढच्या बाजूला कोपऱ्यात खोडलेली जागा होती, तीही मी बोटानं दाखवली.

"ही वेळ आहे का?" साहेब पुटपुटले.

"व्हय. हीच."

"बरं, 'सहाय्य' म्हणून नाव घालू. बस आता."

"सहाय्य न्हाई. रेखाटन त्याचं. आन् डोकं बी त्याचंच."

मग मी एकेक चौकट उतरवत गेले. एका काचेनं अंगठा कापला. कुणी अडवलं न्हाई, कुणी हात बी लावला न्हाई. मघाशी हसलेली माणसं मोबाईलमध्ये बघत उभी. दारात वॉचमन आडवा आला. "अक्का, पावती हाय का?"

मी कार्ड उलटं करून दाखवलं. "बापाचं नाव हाय. हीच पावती."

तो बाजूला झाला.

दुसऱ्या दिवशी वाहिनीच्या संपादकानं बोलावलं. साहेबांची माफी माग, न्हाई तर काम सोड. मी काम सोडलं. आठ दिवसांनी माय म्हणाली, "गप बसली असतीस तर नोकरी ऱ्हायली असती." बरोबर हाय तिचं. राहिली असती.

आता मी भालकीत भाड्याच्या खोलीत लग्नपत्रिका आणि बॅनर करते. कार्डं शाळाशाळांत नेऊन दाखवते. खटकचिंचोळीला नेली, निर्ण्याला नेली. पोरांना आधी मागची बाजू वाचायला लावते, लाल शाईसकट.

मागच्या आठवड्यात साहेबांचा फोन आला. टीव्हीच्या अक्षरांवर ग्रंथ निघतोय, कार्डांचे फोटो हवेत, 'सहकलाकार' लिहू, समारंभात पहिल्या रांगेत बसवू.

मी म्हटलं, "मुखपृष्ठावर अप्पाचं नाव. आत लाल शाईतली ओळ, तुमच्या सहीसकट. तरच फोटो."

"वेडी आहेस का तू?"

मी फोन ठेवला. त्यांनी ग्रंथ काढावा. जिथं जिथं तो ठेवतील, तिथं तिथं मी ही कार्डं घेऊन जाणार.