दुप्पट झालेलं झाड

माझ्या साडूनं मला फसवलं. भर उजेडात, माझ्याच बांधावर, हसत फसवलं आणि मी जाब विचारायच्या आत मरून गेला. बीडच्या एसटी स्टँडवर टोपलीतली सीताफळं विकत मी वर आलो. तेव्हापासून अख्ख्या जिल्ह्यात मला सौद्यात गुंडाळणारा माणूस एकच निघाला, आणि तो म्हणजे वनस्पतिशास्त्राचा निवृत्त मास्तर, ज्याला कोथिंबिरीची जुडीसुद्धा धड घासाघीस करून घेता येत नव्हती.

पंगतीत बसला की तो पोळीचा तुकडा उजेडाकडे धरून म्हणायचा, “साडभाऊ, हा गहू एकटा न्हाई. तीन गवतं हायत याच्यात, एका घरात नांदणारी.” शेजारचा पाहुणा हातातला घास खाली ठेवायचा. माझ्या मुलीच्या सोयरिकीच्या बैठकीत त्यानं मुलाच्या बापाला समजावलं, की झाडांत कधीकधी सगळीच्या सगळी गुणसूत्रं दुप्पट होतात आणि मग पोर आईबापांच्या शेजारी उभं असूनही त्यांच्या जातीचं उरत नाही. “एका पिढीत परकं. सोयरीक करायला जगात कुणीच न्हाई.” मुलाच्या आईनं हळूच मला विचारलं, “हे कुणाबद्दल बोलायलेत?” ते लग्न जमवताना मला घाम फुटला.

नांदूरघाटच्या वरच्या अंगाला माझी डोंगरातली सीताफळाची बाग आहे. तिथलं एक झाड फुलायचं, पण फळ धरायचं नाही, म्हणून मी ते तोडायला काढलं होतं. साडूनं ते पाहिलं आणि पायातल्या चपला काढल्या. पानं जाड, फुलं अंगठ्याएवढी. भोवतीच्या झाडांवर किडे फिरत होते, या एका झाडावर मात्र काही हलत नव्हतं. “हे दुप्पट झालंय,” तो इतक्या हळू म्हणाला, की जणू झाडाला ऐकू जायला नको. “फुलझाडांच्या नव्या जाती अशाबी फुटत आल्यात. गुणसूत्रांची एक प्रत काम करती. दुसरी मोकळी. तिला वाट्टेल ते करता येतं.”

“माझा फायदा सांग,” मी म्हणालो.

तो लगेच सौद्याला आला. मी झाड राखायचं. बदल्यात त्याचा साध्या सीताफळाशी संकर करून तो मला दहा रोपं देणार, बिनबियांच्या फळाची. बिनबियांचं सीताफळ म्हणजे काय, हे फळवाल्याला सांगावं लागत नाही. त्या हंगामात रोज पहाटे तो बारीक ब्रशनं पराग लावत बसायचा, फुलांशी अहोजाहो करत. पुढं त्यानं दहा पिशव्या आणून दिल्या. मी त्या रोपांना कुंपण घातलं, ठिबक टाकलं, माकडं हाकलली, सख्ख्या भावाला फाटकाच्या आत येऊ दिलं नाही. दुसऱ्या वर्षी साडू गेला. त्याच उन्हाळ्यात ते मूळ झाड उभ्याउभ्या वाळलं.

यंदा दहाही झाडं एकाच सकाळी फुलली. ब्रश फिरवायला कुणी नव्हतं. पण बारीक काळे किडे आले, मी या डोंगरात जन्मात न पाहिलेले. शेजारच्या झाडांवर ते बसत नाहीत. मी ओळीत शिरलो, की सगळे एकदम थांबतात.

फळं धरली. पहिलं फोडलं, तर आत बियाच बिया, काळ्या आणि टपोऱ्या. दहाही झाडांची तीच गत. संकर त्यानं केलाच नव्हता. त्या झाडाचा पराग त्याच झाडाला लावून त्यानं त्याची निखळ लेकरं माझ्या गळ्यात बांधली होती.

मी बीडला जाऊन मेहुणीला धरलं. “तुला ठाऊक होतं?”

तिनं चहा पुढं ठेवला. “ते म्हणायचे, रोपं दुसऱ्या कुणाला दिली तर उन्हाळ्यात मरतील. दाजी लोभापायी पोटच्या पोरावानी जपतील. कळल्यावर लई चिडतील, पन तोवर त्यांच्यानं तोडवणार न्हाई.”

तिथून मी तडक कुऱ्हाड घेऊन बागेत गेलो आणि तशीच परत आणली. आता फाटकाशी उभा राहिलो तरी त्या ओळीतून कुणीतरी माझ्याकडं पाहतंय असं वाटतं, आणि मी चपला काढतो. या जातीची जगात दहाच झाडं असतील आणि ती माझ्या कुंपणात आहेत. माझंही वय झालं. माझ्यामागं यांना राखायला माझ्याइतका लोभी माणूस आणायचा कुठून? ज्यानं मला फसवलं, त्यानंच याचं उत्तर द्यावं.