दोन भाग, एक भाग

माझा दादा एकतीस वर्षं पाव भाजत होता. बेकरीत हरकाम्या म्हणून लागला आणि भट्टीवरचा मुख्य कारागीर म्हणून निवृत्त झाला. पहाटे तीनला उठायचं आणि संध्याकाळी आठला झोपायचं, या वेळापत्रकात बायको कुठे बसवणार, म्हणून लग्न राहून गेलं असं तो सांगतो. मी म्हणते, वेळापत्रकाला कशाला नावं ठेवतोस? तुझ्या वजनकाट्याची सवत म्हणून नांदायला कुठली बाई तयार झाली असती? कारण दादा प्रत्येक गोष्ट काट्यावर घालतो. चहाची पूड, साबणाची पावडर, दूध, अगदी पाणीसुद्धा. मापट्याने पाणी घेणारा माणूस त्याच्या लेखी अडाणी. मापट्यात कधी फेस असतो, कधी बघणाऱ्याचा डोळा तिरका असतो, हे प्रवचन मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून ऐकते आहे.

आई त्याच्याकडेच असते. वय ब्याऐंशी, डोकं एकदम शाबूत, आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही. दोन महिन्यांपूर्वी ती गॅरेजमध्ये पडली. कपडे धुवायचं मशीन तिथेच आहे. दादाच्या जुन्या व्हॅनमधून तेल ठिबकून जमिनीवर परातीएवढा डाग पडला होता, आणि दादाने त्यावर पुठ्ठा टाकून ठेवला होता. रविवारी साफ करू म्हणाला. रविवार उजाडायच्या आत आईचा पाय पुठ्ठ्यावर पडला, पुठ्ठा तेलावरून सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. आईने त्याबद्दल दादाला एक शब्द बोलून दाखवला नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर तो सुटला असता. त्याऐवजी तो रोज दवाखान्यात जाऊन तिच्या पलंगाशी गुन्हेगारासारखा बसायचा.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणाले, दहा दिवसांनी, रविवारी घरी न्या. वॉकर घेऊन रोज चालवा, पण तीन महिने पायऱ्या नकोत. आता घराच्या पुढच्या दाराला पाच पायऱ्या. सपाट वाट एकच, गॅरेजमधून. तिथून आत एक दार आहे आणि दार उघडलं की पहिलीच खोली आईची. हे तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्या जमिनीवर मी पाय ठेवणार नाही. मला म्हाताऱ्या माणसांच्या एखाद्या ठिकाणी ठेवा."

"खुर्चीत बसवून नेतो ना आई," दादा म्हणाला.

"मी सामान आहे का?"

हे सगळं शांतपणे. आई चिडली की काय करायचं ते आम्हाला पाठ आहे. ती शांत झाली की मात्र आमची पाचावर धारण बसते.

त्याच संध्याकाळी दादाचा फोन. "मास्तरीण, शाळेला सुट्टी आहे ना? ये. गॅरेजची जमीन करायची आहे." मी विचारलं, एखादा कारागीर का नाही बोलावत? त्याने तिघांना विचारलं होतं. तिघेही म्हणाले तीन आठवड्यांनी बघू. आईला तीन आठवडे बाहेर ठेवलं तर ती तिथलीच होऊन जाईल आणि पुन्हा घराचं नाव काढणार नाही, याची आम्हा दोघांना खात्री होती.

रंगाच्या दुकानातली बाई भारी होती. चष्मा कपाळावर, आणि बोलणं बंदुकीच्या गोळीसारखं. तिने तीन डबे पुढे मांडले. एक साधा जमिनीचा रंग. लावायला सोपा, पण गाडीच्या गरम टायरला चिकटून पापुद्र्यासारखा निघतो. दुसरा अतिशय झटपट वाळणारा. "तो हात बसलेल्या लोकांनीच लावावा काका, चूक सुधारायला वेळच देत नाही." तिसरा इपॉक्सी, दोन डब्यांचा. एकात घट्ट राखाडी रंग, दुसऱ्यात पातळ हार्डनर, म्हणजे रंगाला कडक करणारा द्रव. दोन्ही एकत्र केले की चोवीस तासांत दगड.

"पाणी सांडलं तर घसरेल?" दादाने विचारलं.

"वरून ही बारीक खर भुरभुरायची, वाळूसारखी असते, मग नाही घसरणार."

"साबणाचं पाणी सांडलं तर?"

"नाही घसरणार, काका."

"आणि पाऊल नीट उचलता येत नसेल तर?"

बाईने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. मग खर लावलेला एक नमुना त्याच्या हातात दिला. दादा डोळे मिटून त्यावरून तळवा फिरवत राहिला. मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती, पण बाई त्यांना काही बोलू देईना.

"हाच द्या," दादा म्हणाला.

"लक्षात ठेवा, दोन भाग रंग, एक भाग हार्डनर. नीट ढवळा आणि लगेच जमिनीवर ओता. बादलीत राहिलं तर तापून गोळा होईल."

"दोन भाग, एक भाग," दादा म्हणाला आणि मान डोलावली. मीही डोलावली. आम्ही दोघंही शहाणे.

मग धुणं सुरू झालं. व्हॅन, मशीन, सायकल, खोकी सगळं बाहेर. तेल काढायचा द्रव ओतायचा, ब्रशने घासायचं, धुवायचं. दुकानातल्या बाईने सांगितलेली परीक्षा अशी की कोब्यावर पाण्याचे थेंब टाकायचे. जिरले तर जमीन स्वच्छ, मोत्यासारखे बसून राहिले तर तेल अजून आहे. सगळ्या गॅरेजभर थेंब जिरले. त्या एका परातीएवढ्या जागेवर मात्र बसून राहिले. दादाने ती जागा पाच वेळा घासली. चौसष्ट वर्षांचा माणूस, गुडघ्यांखाली उशी घेऊन. तिसऱ्या खेपेला मी म्हटलं, आता पुरे, वरून रंगच तर बसणार आहे. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने दुसरा ब्रश उचलला. पाचव्या खेपेनंतर थेंब जिरला. त्यानंतर बाईने दिलेली आम्लाची पावडर पाण्यात कालवून जमीन थोडी खरबरीत केली, पुन्हा धुतली आणि दोन दिवस वाळू दिली. खालून ओल येते का बघायला प्लास्टिकचा एक तुकडा चारही बाजूंनी चिकटवून ठेवला होता. मंगळवारी सकाळी काढला तर खाली एक टिपूस नाही.

मी म्हटलं, चला, लावूया. दादा म्हणाला, नाही.

बेकरीत नवं पीठ आलं की तो आधी एकच पाव भाजायचा. मालक डोक्यावर बसला, गिऱ्हाइकांची रांग लागली, तरी एक पाव भाजून, मोडून, खाऊन बघितल्याशिवाय भट्टी भरायची नाही. मी विचारलं, "आता जमिनीचाही पाव भाजणार?" तो म्हणाला, "हो." मशीनच्या जागेमागे, कोपऱ्यात, त्याने हातरुमालाएवढी जागा आखली. काटा आणला, वर वाडगा ठेवला, काटा शून्यावर आणला. दोनशे ग्रॅम रंग, शंभर ग्रॅम हार्डनर. एक थेंब जास्त पडला तर काडीने काढला. मी ढवळलं, त्याने लावलं.

बुधवारी सकाळी बोट लावलं तर बोट चिकटलं.

संध्याकाळीही तेच. गुळाच्या पाकासारखं चिकट, आणि रविवार चार दिवसांवर. माझ्या तोंडचं पाणी पळालं. दादा म्हणाला, ओल आली असणार. मी म्हटलं, प्लास्टिक कोरडं होतं. तो म्हणाला, डबा जुना असणार. मी म्हटलं, सील तूच फोडलंस.

"मग तू नीट ढवळलं नाहीस."

"मी? मी तेहतीस पोरं वर्षभर ढवळते! तुझंच मोजणं चुकलं असेल."

हे मी नुसतं रागाने म्हटलं होतं, पण दादा पांढराफटक पडला. त्याला कुणी खोटारडा म्हटलं असतं तर चाललं असतं. "माझं मोजणं चुकत नाही," तो म्हणाला आणि काटा माझ्यापुढे आदळला.

मग मी, भांडणात जिंकायचं म्हणून, दोन्ही डबे उचलून आणले आणि शाळेतल्यासारखं विचारलं, "भाग म्हणजे काय?"

"भाग म्हणजे भाग. दोनशेला शंभर."

"दोनशे काय?"

"ग्रॅम. आणखी काय असणार?"

मी दोन सारखे मग घेतले, एकात रंग आणि दुसऱ्यात हार्डनर काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांत धरले, तर उजवा, रंगाचा, कितीतरी जड लागत होता. मी डबा फिरवून फिरवून मागची मुंगीएवढी अक्षरं वाचली. वजनाचा कुठे उल्लेखच नव्हता. दुकानात फोन लावून स्पीकरवर टाकला.

"काका, भाग म्हणजे भांडं हो!" बाई पलीकडून ओरडली. "दोन भांडी रंग, एक भांडं हार्डनर. वजन करायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी विचारलं, वजनाने घेतलं तर हार्डनर जास्तच पडला ना, मग जास्त कडक नको का व्हायला? बाई म्हणाली, नाही, जास्तीचं तसंच उरतं आणि ते सगळं चिकट ठेवतं. सगळं गॅरेज लावून बसला असाल तर आता खरवडायला आठवडा जाईल.

"नाही, नाही," दादा म्हणाला. "हातरुमालाएवढंच लावलंय."

फोन ठेवला आणि आमचा दोघांचा जीव भांड्यात पडला. दादा एका उलट्या बादलीवर बसून आधी हळू आणि मग पोट धरून हसायला लागला. "एकतीस वर्षं, मास्तरीण! एकतीस वर्षं मी भाग म्हटलं की वजनच समजतोय!" मीही हसले. आई पडल्यापासून तो पहिल्यांदाच हसला होता.

गुरुवारी सकाळी चिकट तुकडा पत्र्याच्या पट्टीने खरवडून काढला आणि नवा लावला. दादाने मापटं डोळ्यांसमोर धरलं होतं, चेहरा असा की परधर्मात चालला आहे. मी पाठ फिरवल्यावर त्याने मापट्याचं वजन केलंच, "नुसतं माहीत असावं म्हणून." शुक्रवारी सकाळी त्या तुकड्यावर नख ओढलं. ओरखडा उठला नाही.

मग दोन तासांत सगळं गॅरेज लावून काढलं. आतल्या दारापासून सुरुवात करून बाहेरच्या मोठ्या दाराकडे मागे मागे सरकत आलो. मी ब्रशने कडा केल्या, दादाने रोलर ओढला. खर भुरभुरायची वेळ आली तेव्हा मात्र मी थांबून बघत राहिले. कणीक मळायच्या टेबलावर पीठ उडवतात तसा त्याचा हात मनगटातून फिरत होता, आणि खर कुठेही ढीग न होता सगळीकडे सारखी पडत होती. हे काम त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

शनिवारी तो दिवसभर पुढच्या पायऱ्यांवर बसून राहिला. रविवारी सकाळी आत गेला, बादलीभर साबणाचं पाणी ओतलं आणि अनवाणी त्यात चालला. मग भरभर चालला. मग उड्या मारल्या. मी ओरडले, "अरे, तुझंही हाड मोडायचंय का आता?" पण तो घसरला नाही. मग आम्ही जमीन कापडाने पुसून कोरडीठाक केली.

दुपारी आई आली. मोठ्या दारात वॉकर घेऊन उभी राहिली आणि पुढे येईना.

"ओली आहे."

"कोरडी आहे आई. चकाकते म्हणून वाटतं."

"माझ्या चपला काढ."

दादाने खाली बसून तिच्या चपला काढल्या. तिने एक पाऊल आत टाकलं आणि ते जमिनीवर मागेपुढे घासलं. "खरखरीत लागतंय," ती म्हणाली.

"मुद्दाम केलंय."

ती निघाली. दादा तिच्यापुढे दोन्ही हात पसरून उलटा चालत होता. "बाजूला हो," आई म्हणाली, "मला दार दिसू दे." तो बाजूला झाला. ती एकटी चालत आतल्या दारापर्यंत आली. तिथे मी उभी होते, मागे तिची खोली, पलंगावर नवी चादर. मी हात पुढे केला, पण तिने वॉकर वळवला.

"काय झालं आई?" दादा घाबरून म्हणाला. "नको का?"

"कशाला ओरडतोस? परत एकदा जाऊन येते. तू त्या दाराशी उभा राहा."

दादा मोठ्या दाराशी जाऊन उभा राहिला. आई अख्खं गॅरेज पुन्हा चालली, न थांबता, खाली न बघता. त्याच्यासमोर पोचल्यावर तिने वॉकरवरचा एक हात सोडला आणि त्याच्या गालावर ठेवला.

"जेवलास का?" तिने विचारलं.

दादा ओक्साबोक्शी रडत होता. शेवटी मीच इकडून सांगितलं, नाही, सकाळपासून काही खाल्लेलं नाही त्याने.