पडद्यातनं आलेला हात

चाँदबीचं तोंड लई फाटकं, असं सगळं गाव म्हणायचं. म्हणू दे की! जिथं ते फाटायला पाहिजे होतं तिथं फाटलं, पण उशिरा. त्याचा राग बाईनं मरेपर्यंत सोडला नाही.

शाहू छत्रपतींच्या अमदानीतली ही गोष्ट. मुरगुडापासून कोसभरावर एका गावात दवाखाना होता. दोन खोल्या, एक ओसरी आणि शहरातनं आलेला कोवळा डॉक्टर. चाँदबी तिथं आया. नवरा करीम कापूस पिंजायचा, तो प्लेगात गेला. पोरबाळ नव्हतं, मग बाई दवाखान्यातच राहिली. बाळंतिणींची धुणी, जखमांच्या चिंध्या, कुणी हात लावत नाही अशा म्हाताऱ्यांच्या अंघोळी, सगळं तिच्याच अंगावर. करायची आणि करता करता शिव्या घालायची. आजाऱ्याला नव्हे, आजाऱ्याला उशिरा आणणाऱ्यांना.

एकदा गणपतराव इनामदारांची पडदा लावलेली बैलगाडी दारात येऊन थांबली. घर बडं, गोषाचं. गणपतरावांची बायको तानाबाई बाळंत झालेली, मुलगी झालेली, आणि अंगात ताप. पण सून खाली उतरणार नाही! दवाखान्याच्या खाटेवर कोण कोण झोपून गेलेलं, तिथं इनामदारांची सून कशी निजणार? सासू आक्कासाहेब तिच्यासोबत गाडीत. डॉक्टरनं बाहेर यायचं, पडद्यातनं हात बाहेर येईल, तेवढी नाडी बघायची आणि औषध द्यायचं. डॉक्टर भिंतीकडं तोंड करून नाडी धरायचा. चुकून डोळा वर गेला तर नोकरीवर गदा यायची. "नाडी उत्तम आहे, ताप नाही," असं त्यानं दोनदा सांगितलं, ताकदीचं औषध दिलं आणि गाडी दोनदा परत गेली.

तिसऱ्या खेपेला चाँदबी धुणं घेऊन गाडीजवळनं चालली होती. तिला वास आला. बाळंतरोगाचा वास तिला सांगायला लागत नव्हता. ती थबकली. डॉक्टरच्या हातातल्या हाताकडं तिनं बघितलं. कातडं सुरकुतलेलं, गोंदण पसरून फिकं पडलेलं. वीस वर्षांच्या पोरीचा हात हा?

"सोडा तो हात!" ती ओरडली. "म्हातारीची नाडी बघतायसा व्हय इतके दिवस?" आणि तिनं टर्रकन पडदा ओढला.

आत तानाबाई पडलेली. ओठ वाळून गेलेले, डोळे खोल गेलेले. परक्या पुरुषाचा हात सुनेला लागू नये म्हणून आक्कासाहेब दर खेपेला आपलाच हात बाहेर काढत होत्या.

"औषध मिळतंय न्हवं?" त्या फणकारल्या. "नाडी कुणाची का असंना!"

"या अल्ला!" चाँदबीचं डोकंच फिरलं. "पोर आतनं सडाय लागलीया आणि तुमी अब्रू झाकत बसलाय? आग लागली त्या अब्रूला!" तिनं तानाबाईचा हात उचलून डॉक्टरच्या हातात दिला. "ही धरा. ही तिची."

नाडी हाताला लागताच डॉक्टर भिंतीकडनं वळला. "आत घ्या. आत्ताच्या आत्ता!"

तानाबाईनं दुसऱ्या हातानं चाँदबीची बोटं घट्ट धरली. पण बैलांपाशी उभे असलेले गणपतराव, तिचा नवरा, बायकोकडं बघायलाही आले नाहीत. "भर रस्त्यात शोभा झाली तेवढी बास," ते गाडीवानाला म्हणाले. "हाक गाडी." चाँदबी बैलांच्या आडवी जायला निघाली, पण तानाबाई बोटं सोडेना. शेवटी आक्कासाहेबांनी सुनेचं एकेक बोट सोडवलं, आणि गड्यांनी चाँदबीला धरून बाजूला ओढलं.

आठवडाभरात तानाबाई गेली. बातमी ऐकून चाँदबी तडक डॉक्टरपुढं उभी राहिली. "तुमी भिंतीकडं बघत व्हता न्हवं? आता भिताड बरं हाय का?"

तेव्हापासून पडद्याची कुठलीही गाडी आली की आधी चाँदबी पुढं व्हायची आणि बाहेर आलेला हात धरायची. "लेकी, तुझं नाव सांग आणि मूठ मीट." आतनं आवाज आला नाही किंवा मूठ मिटली नाही, तर ती पडदाच ओढून काढायची. बड्या घरांनी तिला हाकलायचा घाट घातला. "ती गेली तर मीही जातो," असं डॉक्टरनं निक्षून सांगितलं. तेवढं तरी त्यानं केलं.

दोनएक वर्षांनी तीच गाडी पुन्हा दारात आली. गणपतरावांनी दुसरं लग्न केलं होतं, आणि ही नवी पोरही बाळंतपणानंतर तापानं फणफणलेली. चाँदबी पदर खोचून पुढं झाली. ती तोंड उघडणार तोच पडदा वर झाला. आक्कासाहेबांनी स्वतःच्या हातानं वर केला होता. त्यांच्या मांडीवर तानाबाईची लेक होती.

"ह्या सुनेला आत घे, चाँदबी," त्या म्हणाल्या.

चाँदबीनं त्या लेकराकडं बघितलं. "हेच तवा केलं असतं, तर ही आज आईच्या मांडीवर असती."

चाँदबी उत्तरासाठी थांबली नाही. नव्या सुनेला तिनं कवेत घेतलं, आत नेलं आणि खाटेवर निजवलं.