फ्लशच्या टाकीतली पुरचुंडी

ऐंशीच्या दशकात चाळ सोडून बोरिवलीच्या ब्लॉकमध्ये आलो, तेव्हा घरातल्या घरात फ्लश याचंच आम्हाला कोण कौतुक! एका सकाळी त्याची टाकी वाहायची थांबेना. मी स्टुलावर चढून झाकण उचललं आणि किंचाळलेच. आत दोऱ्याला बांधलेली पांढऱ्या फडक्याची पुरचुंडी लोंबकळत होती.

"आई, करणी!"

सासूबाईंची नजर वर्षभर विझत चालली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि कोणीतरी काहीतरी केलंय हे त्यांच्या मनाने कधीच घेतलं होतं. "बगलंस? मी सांगत होतंय मां!" त्या भिंत चाचपडत दारापर्यंत आल्या. "आदी जाळून टाक ती!"

गॅलरीत शेगडी पेटवली, पुरचुंडी चिमट्याने निखाऱ्यांवर ठेवली, मीठ-मिरच्या टाकल्या. ठसकाच लागेना! ठसका नाही म्हणजे जबरदस्त करणी. ओल्या फडक्याने निखारे विझलेत, एवढं साधं कळू नये?

तेवढ्यात सासरे भाजी घेऊन आले. पिशवी तिथेच टाकून त्यांनी नुसत्या हाताने पुरचुंडी ओढून काढली. "अगं, काय केलंत हे? बिया आहेत माझ्या!"

बिया? संडासाच्या टाकीत?

नजर शाबूत असताना सासूबाई सासऱ्यांबरोबर काश्मीरला गेल्या होत्या, कंपनीच्या प्रवासभत्त्यावर. तिथे उतारावर रानटी आयरिसचं निळं फूल बघून म्हणाल्या होत्या, "ह्या आपल्या घराक होया." नर्सरीत ती जात मिळत नाही. यंदा तिकडे गेलेल्या शेजाऱ्याकडून सासऱ्यांनी बिया आणवल्या. त्यांच्या सालीत कोंब अडवणारं काहीतरी असतं, ते पुन्हा पुन्हा पाणी बदलून धुऊन काढावं लागतं. नळाला पाणी सकाळपुरतं. फ्लशच्या टाकीत मात्र गच्चीवरून दिवसभर पाणी येई, आणि दर वेळी ओढून ते बदलत होतो आम्हीच!

"तिला दिसतंय तोवर फुलायला हवं गं," ते म्हणाले.

पुढे त्याच बिया, कोंब फुटण्यासाठी काश्मीरसारखी थंडी द्यायला, महिनोन्महिने फ्रिजमध्ये, लोण्याच्या शेजारी! मी खूप बडबडले, पण हलवल्या नाहीत.

उगवली एकच. बोरिवलीच्या उकाड्यात तीही पिवळी पडली. तोवर सासूबाईंना उजेड-अंधार तेवढा कळत होता. कुंडी मांडीवर घेऊन त्यांनी बोटांनी पातं चाचपलं.

"हिरवा आसा मां?"

"हिरवागार," सासरे म्हणाले.

उभ्या जन्मात खोटं न बोललेला माणूस! त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हिरवंगार आहे, आई," मी म्हणाले.